इंजिनांची मोजदाद आणि सुरक्षिततेचा भ्रम

हेलिकॉप्टरचा अपघात झाला की काही विधाने हमखास ऐकू येतात. इंजिन बंद पडले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, हे त्यांतले पहिले. त्यातूनच दुसरे निघते: दोन इंजिनांचे यंत्र घ्यावे, म्हणजे काळजी मिटली. या दोहोंच्या जोडीला आणखी एक समज वावरतो. मुक्कामाला न पोहोचता मध्येच शेतात, रस्त्यावर किंवा समुद्रात उतरलेले हेलिकॉप्टर म्हणजे वैमानिकाची नामुष्की आणि थोडक्यात टळलेली दुर्घटना, असे धरले जाते. यातले पहिले विधान भौतिकशास्त्रात बसत नाही, दुसरे अर्धेच खरे आहे आणि तिसऱ्यामुळे तर जीव जातात. वैमानिकाच्या हाती शिल्लक राहिलेली उंची, वेग, उतरण्याची जागा आणि इंधन यांवर हेलिकॉप्टरची सुरक्षितता ठरते. इंजिनांची संख्या ही या हिशोबातली एक बाब आहे. ती पूर्ण हिशोबाची जागा घेऊ शकत नाही.

दगडाची गोष्ट आधी तपासावी. हेलिकॉप्टरला हवेत धरून ठेवतात ती फिरणारी पाती. इंजिनाचे काम ती फिरती ठेवण्याचे. इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये फ्रीव्हील क्लच असतो. इंजिनाचा वेग घसरला की तो आपोआप सुटतो, त्यामुळे बंद पडलेले इंजिन रोटरला अडवत नाही. वैमानिकाने त्याच क्षणी कलेक्टिव्हचा दांडा खाली दाबला की पात्यांचा कोन कमी होतो, यंत्र खाली येऊ लागते आणि खालून वर येणारी हवा पाती फिरवत राहते. वाऱ्यावर भिरभिरे फिरते तोच हा प्रकार. त्याला ऑटोरोटेशन म्हणतात. शेपटीचा रोटर मुख्य रोटरशी गिअरने जोडलेला असल्यामुळे दिशेवरचा ताबाही सुटत नाही. जमीन जवळ आली की नाक वर करून पुढचा वेग मोडायचा आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह वर ओढून पात्यांत साठलेली गती उतरण्यासाठी खर्च करायची, असा हा क्रम आहे.

आकड्यांत पाहिले तर फरक स्पष्ट होतो. 1300 फुटांवरून सोडलेला दगड सुमारे 9 सेकंदांत जमिनीवर आदळतो. रॉबिन्सन आर44 हे एका इंजिनाचे चार आसनी हेलिकॉप्टर ऑटोरोटेशनमध्ये योग्य वेग राखून मिनिटाला साधारण 1350 फूट या गतीने खाली येते, म्हणजे तेवढ्याच उंचीसाठी त्याला जवळपास एक मिनिट मिळते. वेग वाढवून जास्तीत जास्त अंतर कापायचे ठरवले, तर 1300 फूट उंचीत सुमारे एक सागरी मैल पुढे जाता येते. तेवढ्या परिघात एखादे मोकळे रान असले तर उतरण्याची सोय झाली.

या तत्त्वाची सर्वांत कडक परीक्षा 21 जून 1972 रोजी फ्रान्समध्ये झाली. ज्याँ बुले या चाचणी वैमानिकाने एका इंजिनाचे लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटर उंचीवर नेऊन विक्रम केला. तिथे शक्ती कमी करताच इंजिन विझले आणि पुन्हा सुरू होईना. बुले यांनी ते यंत्र ऑटोरोटेशनमध्ये थेट जमिनीपर्यंत सुखरूप आणले. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्यावर बनवलेले चीता हेलिकॉप्टर याच लामाचे भारतीय रूप आहे आणि सियाचीनच्या चौक्यांना रसद पोहोचवण्याचे काम त्याने दशकानुदशके एकाच इंजिनावर केले आहे.

अर्थात ऑटोरोटेशन म्हणजे हमखास सुटका नव्हे. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो. कमी उंचीवर, कमी वेगात इंजिन गेले तर सुखरूप उतरणे कठीण, असा पट्टा त्यावर दाखवलेला असतो. शंभर-दोनशे फुटांवर एका जागी तरंगणाऱ्या यंत्राकडे पुढचा वेग नसतो आणि तो मिळवायला उंचीही नसते. हलक्या पात्यांच्या छोट्या यंत्रांत कलेक्टिव्ह खाली दाबायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. त्यात चूक झाली तर पात्यांचा वेग घसरतो आणि तो परत मिळत नाही. जंगलावर, दाट वस्तीवर किंवा खवळलेल्या समुद्रावर उतरण्याची जागाच नसते. म्हणजे इंजिन बंद पडणे जीवघेणे ठरते ते उंची, वेग आणि जागा यांपैकी काहीतरी आधीच गमावलेले असते तेव्हा. ते कशासाठी आणि कोणाच्या आग्रहाखातर गमावले, याची चौकशी त्यामुळेच इंजिनाच्या चौकशीइतकी महत्त्वाची असते.

दुसऱ्या इंजिनाची बाजू याच ठिकाणी उभी राहते आणि ती न्याय्य रीतीने मांडली पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमांत हेलिकॉप्टरच्या कामगिरीचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात एक इंजिन कोणत्याही क्षणी गेले तरी हेलिकॉप्टर निघालेल्या जागी परत थांबू शकते किंवा उड्डाण चालू ठेवून योग्य ठिकाणी उतरू शकते. दुसऱ्या वर्गात उड्डाणाचा आरंभ आणि उतरण्याचा शेवट एवढा काळ वगळून ही हमी मिळते. तिसऱ्या वर्गात इंजिन गेल्यावर सक्तीने उतरण्याची तयारी ठेवावी लागते. उतरायला जागा नाही अशा शहरावर किंवा दूरच्या तेलविहिरींवर जाताना पहिल्या वर्गाचा आग्रह योग्यच आहे.

परंतु ही हमी यंत्राला कायमची चिकटलेली नसते. ती त्या दिवसाचे वजन, तापमान आणि उंची यांवर अवलंबून असते. हवा तापली की विरळ होते. पात्यांची उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. त्यात यंत्र भरलेले असेल तर दोन इंजिने मिळून जेमतेम तरंगू शकतात आणि एक गेल्यावर दुसऱ्याला भार पेलत नाही. अशा वेळी कागदावर दोन इंजिने असलेले यंत्र प्रत्यक्षात एका इंजिनाच्या यंत्राहून वेगळे राहत नाही. उलट इंजिने दोन असल्याने त्यांपैकी एखादे बिघडण्याची शक्यता तेवढी वाढलेली असते. 25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली येऊन तारांत अडकले आणि कोसळले. ते सिकोर्स्की एस-76, म्हणजे दोन इंजिनांचे यंत्र होते. मे महिन्यातला मराठवाडा, अपुरी मोकळी जागा, जवळच विजेच्या तारा, अशा ठिकाणी इंजिने मोजून काहीच साधत नाही. सगळे वाचले हे नशीब.

दुसरे इंजिन ज्यांवर उपाय नाही, अशा कारणांची यादी त्याहून लांब आहे. मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. 29 एप्रिल 2016 रोजी नॉर्वेच्या तुरॉय बेटाजवळ ईसी225 या हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधला एक गिअर धातूच्या थकव्याने फुटला, मुख्य रोटर सुटून गेला आणि यंत्रातले 13 जण मरण पावले. दोन्ही इंजिने शाबूत होती. हवामानाचेही तसेच. सप्टेंबर 2009 मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे बेल 430 नल्लमलाच्या जंगलात कोसळले; डिसेंबर 2021 मध्ये जनरल बिपिन रावत यांचे एमआय-17 कुन्नूरजवळ ढगांत शिरून डोंगराला धडकले; जानेवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात कोबी ब्रायंट यांच्या हेलिकॉप्टरचा वैमानिक ढगांत दिशाभान हरवून बसला. ही तिन्ही यंत्रे दोन इंजिनांची होती. तरीही असा प्रत्येक अपघात झाला की आणखी चांगल्या यंत्राची मागणी होते. त्या हवेत उड्डाण करायचेच कशाला, हा प्रश्न मागे पडतो.

दोन इंजिनांवरचा विश्वास सर्वांत उघडा पडतो तो इंधनाच्या बाबतीत. दोन वर्षांच्या अंतराने झालेले दोन अपघात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

26 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात मोस्बी येथे एक वैद्यकीय हेलिकॉप्टर पडले. ते एएस350, म्हणजे एका इंजिनाचे होते. रुग्णाला घेण्यासाठी पोहोचल्यावर वैमानिकाच्या लक्षात आले की इंधन समजले होते त्याहून बरेच कमी आहे. जवळपास भरण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने रुग्णासह 58 सागरी मैलांवरच्या विमानतळाकडे जायचे ठरवले. शिल्लक इंधन साधारण तेवढ्याच प्रवासाचे होते. राखीव म्हणून काही उरणार नव्हते. विमानतळ अगदी जवळ आला असताना इंजिन बंद पडले. ऑटोरोटेशन साधले नाही आणि चौघे मरण पावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारणे मांडताना उड्डाणापूर्वीची अपुरी तपासणी, इंधन कमी आहे हे कळूनही निघण्याचा निर्णय, कामावर असताना मोबाइलवरील संदेशांनी विचलित झालेले लक्ष, थकवा आणि प्रवासी वेगात इंजिन गेल्यावर काय करावे याच्या सरावातली उणीव यांचा उल्लेख केला.

29 नोव्हेंबर 2013 च्या रात्री स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात पोलिसांचे हेलिकॉप्टर क्लूथा नावाच्या पबच्या छपरावर कोसळले. यंत्रातले तिघे आणि पबमधले सात असे दहा जण गेले. ते ईसी135, दोन इंजिनांचे आधुनिक यंत्र होते. त्यात एक मुख्य टाकी आणि इंजिनांना थेट इंधन देणाऱ्या दोन छोट्या टाक्या असतात; मुख्य टाकीतले इंधन पंपांनी त्या छोट्या टाक्यांत चढवले जाते. दोन्ही इंजिने एकदम विझू नयेत म्हणून छोट्या टाक्यांची क्षमताही मुद्दाम थोडी वेगळी ठेवलेली असते. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाला ढिगाऱ्यात इंधन चढवणाऱ्या दोन्ही पंपांची बटणे बंद आढळली. छोट्या टाक्या जवळजवळ कोरड्या होत्या आणि मुख्य टाकीत 70 किलोहून अधिक इंधन पडून होते. उड्डाणात इंधन कमी असल्याचा इशारा पाच वेळा वाजला आणि प्रत्येक वेळी त्याची नोंद घेतल्याचे बटण दाबले गेले. असा इशारा मिळाल्यावर दहा मिनिटांच्या आत उतरावे, असे पुस्तिका सांगते. उजवे इंजिन आधी विझले. 32 सेकंदांनी डावे. रात्रीच्या अंधारात शहरावर ऑटोरोटेशन पूर्ण झाले नाही. हेलिकॉप्टर आदळले तेव्हा त्याची पाती फिरत नव्हती.

मोस्बीला एक इंजिन होते, ग्लासगोला दोन. ग्लासगोच्या दुसऱ्या इंजिनाने दिलेला अधिकचा अवधी 32 सेकंदांचा. इंधन हे दोन्ही इंजिनांचे समाईक कारण आहे आणि समाईक कारणापुढे संख्या निरुपयोगी ठरते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की इंधन संपणे ही माणसाची चूक आहे, ती यंत्राच्या तुलनेत धरू नये. पण दोन इंजिनांचा कैवार घेणारे असे म्हणत नाहीत की त्यांचा उपाय फक्त यांत्रिक बिघाडापुरता आहे. ते म्हणतात की इंजिन बंद पडण्याची भीतीच उरत नाही. ती उरते. आणि ती ज्या चुकीतून उरते ती नियोजनाची असल्यामुळे तिच्यावरचा इलाजही नियोजनातच शोधावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंधनमापकच चुकीचा आकडा दाखवत असेल तर? ग्लासगोच्या अपघातानंतर दोनच आठवड्यांनी ते हेलिकॉप्टर चालवणाऱ्या कंपनीच्याच दुसऱ्या ईसी135 मध्ये मापकाचा दोष आढळला आणि कंपनीने आपली यंत्रे तात्पुरती थांबवली. पण मापकावर विसंबू नये म्हणून तर घड्याळाचा हिशोब असतो. ग्लासगोच्या त्या रात्री हेलिकॉप्टर 20:45 ला 400 किलो इंधन घेऊन निघाले आणि 22:22 ला पडले. 97 मिनिटांनी सर्व टाक्यांत मिळून 76 किलो उरले होते, म्हणजे तासाला सुमारे 200 किलो खर्च. निघतानाचे वजन आणि हा दर माहीत असला की मापकाकडे न पाहताही कळते की दीड तासानंतर जेमतेम अर्ध्या तासाचे इंधन राहते आणि परतण्याची वेळ त्याआधीच झालेली असते. इशारा, मापक आणि घड्याळ असे तीन स्वतंत्र साक्षीदार असतात. त्यांत मतभेद झाला तर सर्वांत वाईट बातमी देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, हा जुना आणि शहाणा नियम आहे. 2019 मध्ये या प्रकरणाची न्यायालयीन चौकशी झाली, तिचा निष्कर्षही इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झाले असाच होता.

इंधनाचे नियोजन म्हणजे टाकी काठोकाठ भरणे, असाही एक सोपा समज आहे. प्रत्यक्षात ते थरांनी रचले जाते. इंजिन सुरू करून निघण्यापुरते, प्रवासाचे, अनपेक्षित विलंबाचे, पर्यायी ठिकाणी जाण्याचे आणि सर्वांत तळाशी शेवटचे राखीव. नजरेच्या आधारे उडताना शेवटचे राखीव किमान 20 मिनिटांचे असावे आणि उपकरणांच्या आधारे उडताना 30 मिनिटांचे, असे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. हे शेवटचे इंधन वापरायचे नसते. ते टाकीत असतानाच उतरायचे असते. त्याला हात लागणार असे दिसले की वैमानिकाने इंधनासाठी मेडे पुकारणे अपेक्षित आहे, टाकी कोरडी पडल्यावर नव्हे.

टाकी सरसकट भरता येत नाही याचे कारण वजन. 100 किलो जास्तीचे इंधन म्हणजे एक इंजिन गेल्यावर दुसऱ्यावर पडणारा 100 किलो जास्तीचा भार. म्हणून इंधन, प्रवासी आणि दुसऱ्या इंजिनाची हमी ही एकाच बेरजेची तीन पदे आहेत. एक वाढवले की दुसरे घटते. ऐन वेळी आणखी दोघांना आत घ्यायला लावणारा पुढारी आणि राखीव कमी करून सामान वाढवणारा व्यवस्थापक हे दोघे ही बेरीज मोडतात, मग यंत्राला कितीही इंजिने असोत.

मुंबईच्या जुहू विमानतळावरून मुंबई हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे हा हिशोब रोज करतात. अंतर सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे 86 सागरी मैल. 140 नॉट वेगाने शांत हवेत तिथवर 37 मिनिटे लागतात. पावसाळ्यात समोरून 30 नॉटचा वारा असला तर जमिनीच्या हिशोबाने वेग 110 नॉट होतो आणि वेळ 47 मिनिटे. येताना तोच वारा पाठीशी असल्याने 30 मिनिटांत परतता येते. एकूण फरक साडेतीन मिनिटांचाच दिसतो. पण वाऱ्याने मधल्या काळात दिशा बदलली किंवा ढगांमुळे फलाटावर उतरता आले नाही, तर जातानाची दहा मिनिटे आधीच खर्च झालेली असतात. म्हणून समुद्रावर वाटेतला एक बिंदू आधीच ठरवावा लागतो. त्यापुढे गेल्यावर परत फिरण्याइतके इंधन उरत नाही, म्हणून तिथे पोहोचण्यापूर्वीच पुढच्या हवामानाची खात्री करून घ्यायची असते. तिथे चुकलेला निर्णय दोन इंजिनांनी सुधारत नाही.

राहिला प्रश्न मध्येच उतरण्याचा. पुस्तिकांमध्ये उतरण्याच्या सूचनांना पायऱ्या असतात: लगेच उतरा, शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी उतरा, सोयीच्या ठिकाणी उतरा. या पायऱ्या आहेत याचाच अर्थ असा की विमानतळ गाठणे हे प्रत्येक उड्डाणाचे अटळ साध्य मानलेले नाही. मे आणि ऑक्टोबर 2012 मध्ये उत्तर समुद्रावर दोन ईसी225 हेलिकॉप्टरांच्या गिअरबॉक्सचे वंगण बंद पडले. दोन्ही वेळा वैमानिकांनी यंत्र पाण्यावर उतरवले आणि सगळे जण जगले. त्याआधी, 12 मार्च 2009 रोजी कॅनडात न्यूफाउंडलंडच्या समुद्रावर एस-92 च्या गिअरबॉक्समधले तेल निघून गेले. पुस्तिकेची सूचना लगेच उतरण्याची होती. चालकदलाने किनारा गाठायचा प्रयत्न केला. गिअर तुटले आणि 18 पैकी 17 जण मरण पावले. बर्फासारख्या थंड पाण्यात उतरणे सोपे नव्हते, हे खरे. तरीही पाण्यावर ताबा ठेवून उतरणे आणि ताबा सुटून पाण्यावर आदळणे यांत जीवन-मरणाचे अंतर होते.

भारतातले अलीकडचे उदाहरण केदारनाथच्या मार्गावरचे. 7 जून 2025 रोजी एका इंजिनाचे हेलिकॉप्टर तांत्रिक अडचण येताच रस्त्यावर उतरवण्यात आले. शेपटी मोडली, एक मोटार चेपली, प्रवासी सुखरूप राहिले. त्या दृश्याची देशभर दहशत वाटली. आठ दिवसांनी, 15 जूनला, त्याच मार्गावर दुसरे हेलिकॉप्टर अंधूक हवेत गौरीकुंडजवळ कोसळले आणि सातही जण गेले. पहिल्या घटनेत वैमानिकाने उंची, जागा आणि वेळ हाती असतानाच निर्णय घेतला. मध्येच उतरण्याला नामुष्की म्हणणारे समाजमन, ते उतरणे रद्द झालेल्या फेरीच्या पैशांत मोजणारा मालक आणि सभेची वेळ गाठायला सांगणारा नेता मिळून पुढच्या वैमानिकाला तो निर्णय लांबवायला शिकवतात.

म्हणून हेलिकॉप्टर भाड्याने घेताना, खरेदी करताना किंवा अपघाताची चौकशी करताना केवळ किती इंजिने, हा प्रश्न पुरेसा नाही. आजच्या तापमानात आणि एवढ्या वजनावर एक इंजिन गेले तर हे यंत्र उडत राहील का? नाही राहणार, तर वाटेत उतरायला जागा कुठे आहे? शेवटचे राखीव इंधन किती मिनिटांचे आहे आणि त्याला हात लागण्याआधी परत फिरायची वेळ कोणती? प्रवासी वेगात इंजिन गेल्याचा सराव वैमानिकाने अलीकडे केव्हा केला? हवा बिघडल्यास नकार देण्याचा किंवा मध्येच उतरण्याचा अधिकार त्याला खरोखर आहे का, की तो वापरल्यास नोकरी जाते? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर योग्य वाटेवर एक इंजिनही पुरते. ती मिळाली नाहीत, तर दुसऱ्या इंजिनावर खर्च केलेल्या पैशांत ग्लासगोत मिळाली तेवढीच सेकंदे विकत मिळू शकतात.